एप्रिलिया रेसिंग : नोआले ते बारामती

एप्रिलिया रेसिंग हा इटलीच्या व्हेनिस परिसरातील नोआले या छोट्या गावी वाढलेल्या एप्रिलिया कंपनीचा शर्यत विभाग. आज ही कंपनी पियाजिओ समूहाची आहे आणि समूहाचा भारतातील कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आहे, त्यामुळे भिगवण रस्त्याच्या या टापूत तयार होणाऱ्या काही दुचाकींच्या टाकीवरही हेच नाव असते. विभागाच्या खात्यावर जगज्जेतेपदे पुष्कळ आहेत. मात्र त्याची खरी परीक्षा झाली ती २००२ ते २००४ या तीन हंगामांत. दुचाकी शर्यतींचे नियम मुळापासून बदलले आणि जुन्या नियमांत निष्णात असलेला हा चमू नव्या नियमांत सपशेल आपटला, तो हा काळ.

दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बेर्तो बेज्जिओ यांनी नोआलेत सायकलींचा कारखाना काढला. १९६८ मध्ये सूत्रे मुलाकडे, इव्हानो बेज्जिओ यांच्याकडे आली. मुलाला सायकलीपेक्षा मोटरसायकलीची ओढ अधिक. १९८५ मध्ये एप्रिलिया २५० सीसी गटाच्या जागतिक शर्यतींत उतरली. इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे, सांगाडा स्वतःचा. १९८७ साली मिझानो येथे लोरिस रेज्जानी याने कंपनीला पहिली ग्रां प्री जिंकून दिली आणि १९९२ मध्ये अलेस्सांद्रो ग्रामिन्यी १२५ सीसी गटाचा जगज्जेता ठरला. त्यानंतर जणू पाटच फुटला. मॅक्स बियाजी १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षे २५० सीसीचा विजेता होता. १९९७ मध्ये १२५ सीसीचे आणि १९९९ मध्ये २५० सीसीचे अजिंक्यपद व्हॅलेंतिनो रॉस्सी या पोराने याच कंपनीच्या गाडीवर मिळवले.

हे सारे यश टू-स्ट्रोक इंजिनाचे होते. आरएक्स १०० चालवलेल्या माणसाला ही जात वेगळी सांगायला नको. इंजिन हलके, आत हलणारे भाग मोजके, इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट, आणि ठरावीक फेऱ्यांच्या पुढे गेले की गाडी एकदम उसळते. डच अभियंते यान विट्टेफेन यांच्या हाताखाली नोआलेच्या कार्यशाळेने या इंजिनाच्या झडपा, धुराड्याचे आकार आणि हवेचे मार्ग यांवर जी हुकमत मिळवली, तिला छोट्या गटांत तोड नव्हती. जपानच्या बलाढ्य कंपन्यांपुढे एका गावच्या कारखान्याने ताठ उभे राहावे, याचे तेव्हा युरोपात मोठे कौतुक होते.

सर्वांत वरच्या ५०० सीसी गटात मात्र कंपनीचे फारसे जमले नाही. तिथे बाकीचे चार सिलिंडरची गाडी पळवत, तर एप्रिलियाने १९९४ पासून दोन सिलिंडरची हलकी गाडी उतरवली. ताकद कमी असली तरी वजनही कमी, त्यामुळे वळणात वेळ वाचवता येईल, हा हिशेब. अधूनमधून तिसरा क्रमांक पदरात पडे, विजय कधीच नाही. नियमात हलक्या गाडीला मिळणारी सवलत हेरायची आणि तिच्यावर सगळी मदार ठेवायची, ही नोआलेची खोड तेव्हापासूनची आहे. पुढे काय घडले ते समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

२००२ पासून ५०० सीसी गटाचे नाव मोटोजीपी झाले आणि त्यात ९९० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना मुभा मिळाली. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणून आकारमान जवळपास दुप्पट. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्या तोवर बहुतेक फोर-स्ट्रोक झाल्या होत्या, धुराचे कायदे कडक होत होते, आणि शर्यतीवर खर्च करणाऱ्या कंपन्यांना त्या खर्चातून कारखान्यासाठी काहीतरी परत हवे होते. कागदावर टू-स्ट्रोक गाड्यांवर बंदी नव्हती. पण ५०० सीसीच्या गाडीने ९९० सीसीच्या गाडीशी झुंजायचे, म्हणजे निकाल ठरलेलाच होता.

या नियमावलीत वजनाचे एक कलम होते. तीन किंवा कमी सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीचे किमान वजन १३५ किलो, चार आणि पाच सिलिंडरना १४५ किलो, सहा किंवा अधिक असतील तर १५५ किलो. कलम एकच, पण दोन कंपन्यांनी ते दोन टोकांनी वाचले. होंडाच्या लक्षात आले की चार सिलिंडरला जे वजन, तेच पाचला, म्हणजे पाचवा सिलिंडर फुकटात मिळतो. त्यांनी पाच सिलिंडरचे व्ही आकाराचे इंजिन बांधले. एप्रिलियाच्या नजरेत भरले ते १३५ किलो. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा दहा किलो हलकी गाडी नियमाने मिळत असताना सोडायची कशाला, म्हणून त्यांनी तीन सिलिंडरचे सरळ रांगेतले इंजिन निवडले. गाडीला नाव दिले आरएस क्यूब.

इंजिनासाठी त्यांनी इंग्लंडच्या कॉसवर्थ या फॉर्म्युला वनमधल्या नामांकित कंपनीची मदत घेतली. तेव्हाच्या फॉर्म्युला वन मोटारीत तीन लिटरचे दहा सिलिंडर असत, म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी, आणि क्यूबच्या वाट्याला एका सिलिंडरमागे ३३० सीसी. मोटारीच्या इंजिनाचा एक लचका तोडून दुचाकीत बसवला असे म्हटले तर फार चुकणार नाही. झडपा मिटवायला स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा होती, कारण फार वेगाने फिरणाऱ्या इंजिनात पोलादी स्प्रिंग मागे पडते. मोटोजीपीत हे तंत्र पहिल्यांदा आले ते याच गाडीवर. उजव्या मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी केबलही काढून टाकली होती. चालकाने मूठ किती पिळली ते संवेदक मोजत, आणि इंजिनाला किती हवा द्यायची ते संगणक ठरवी. चाक घसरू लागले की ताकद आवरणारी यंत्रणाही होती. आज साध्या मोटरसायकलीवरही यातल्या दोन गोष्टी दिसतात. २००२ साली त्या काळाच्या फार पुढे होत्या, आणि घोडे तिथेच अडले.

गाडीची ताकद दोनशे अश्वशक्तीच्या वर होती, म्हणजे इंजिन कमजोर नव्हते. पण मोटार चार रुंद चाकांवर सपाट उभी असते आणि दुचाकी वळणात आडवी झुकून तळहाताएवढ्या रबरावर तोल सांभाळते, हे या इंजिनाला ठाऊकच नव्हते. वळणातून बाहेर पडताना चालक मूठ हळूहळू उघडतो तेव्हा मागचे चाक किती घसरते आहे, पुढचे उचलले जाते आहे का, हे त्याला हातात आणि बुडाखाली जाणवावे लागते. क्यूबची ताकद मात्र झटक्याने येई. मुठीची हालचाल आणि इंजिनाचा प्रतिसाद यांच्यामध्ये बसलेला संगणक अजून कच्चा होता, त्यामुळे एकाच वळणात दोन फेऱ्यांना गाडी दोन तऱ्हांनी वागे. दहा किलोंच्या फायद्यातून जे मिळाले ते चालकाच्या मनातल्या धास्तीने खाल्ले.

२००२ च्या हंगामात फ्रान्सचा रेजिस लाकोनी हा एकटाच चालक या गाडीवर होता. एकच गाडी, एकच चालक, म्हणजे बिघाड कळायलाही तुलना नाही. त्या वर्षी १६ पैकी १४ शर्यती होंडाने जिंकल्या, त्यातल्या ११ एकट्या रॉस्सीने. नोआलेच्या गाड्यांवर घडलेले ते पोर आता पाच सिलिंडरच्या होंडावर बसले होते. गंमत अशी की त्याच वर्षी एप्रिलियाने खालचे दोन्ही गट जिंकले होते. मार्को मेलांद्री २५० सीसीचा आणि अर्नो व्हँसाँ १२५ सीसीचा जगज्जेता झाला. म्हणजे एकाच कार्यशाळेच्या एका टेबलावर जगात सर्वोत्तम गाडी तयार होत होती आणि शेजारच्या टेबलावर कोणाला आवरता न येणारी. माणसे तीच होती, अनुभव तोच होता. बदलले होते ते फक्त नियमपुस्तक.

२००३ साठी कंपनीने हात सैल सोडला. सुपरबाइक गटाचा जगज्जेता अमेरिकेचा कॉलिन एडवर्ड्स आणि जपानचा नोरियुकी हागा असे दोन नावाजलेले चालक आणले. पहिल्याच शर्यतीत, सुझुका येथे, एडवर्ड्स सहावा आला. ही क्यूबची सर्वोत्तम कामगिरी, आणि ती पुढे कधीच सुधारली नाही. त्याच वर्षी जर्मनीत झाक्सेनरिंगच्या सरावात टाकीच्या झाकणातून पेट्रोल सांडून गाडीने पेट घेतला आणि एडवर्ड्सला धावत्या गाडीवरून उडी टाकावी लागली. पेटलेल्या गाडीवरचा चालक हे छायाचित्र जगभर गेले. यंत्राच्या अवघड भागांवर इतकी अक्कल खर्च झाली आणि घात केला तो झाकणाने.

२००४ मध्ये जेरेमी मॅकविल्यम्स आणि ब्रिटिश सुपरबाइक विजेता शेन बर्न हे दोघे आले. निकाल आणखी खालावले. तोवर पैसाही आटला होता, आणि त्यामागे आणखी एक नियम होता, रस्त्यावरचा. २००० साली इटलीत सर्व वयाच्या मोपेडस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले आणि तरुणांत खपणाऱ्या छोट्या स्कूटरांची विक्री कोसळली. एप्रिलियाचे पोट या स्कूटरांवरच भरत असे. नेमक्या त्याच वर्षी तिने मोटो गुझ्झी ही जुनी कंपनी विकत घेण्यासाठी मोठा खर्च केला होता. कर्ज वाढत गेले. २००४ च्या अखेरीस एप्रिलिया पियाजिओच्या ताब्यात गेली, मोटोजीपीतला सहभाग थांबला आणि क्यूब गोदामात गेली. तीन हंगामांत तिला एकदाही पहिल्या तिघांत येता आले नव्हते.

नवा मालक बारामतीकरांना अनोळखी नव्हता. व्हेस्पा स्कूटरची जन्मदाती पियाजिओ पुणे जिल्ह्यात दोन वेळा आली. पहिल्यांदा १९६० च्या दशकात, बजाज आकुर्डीत तिच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे तेव्हा. तो करार १९७१ मध्ये संपला. दुसऱ्यांदा ती १९९९ मध्ये आली, थेट बारामतीत, तीनचाकी ॲपे घेऊन. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ मधमाशी. बारामती, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात भाजीपाला, दुधाचे कॅन आणि वडापचे प्रवासी वाहणारी ही गाडी इतकी रुळली की कंपनीचे नाव मागे पडले आणि ‘ॲपे’ हीच जात झाली. या भागाला इटालियन यंत्रांचे वावडे तसे कधीच नव्हते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती, आणि पुढे त्याच कारखान्यातून फियाट मोटारी बाहेर पडल्या. बारामतीच्या वसाहतीत चॉकलेट बनवणारी फेरेरोही इटलीचीच.

पियाजिओच्या छत्राखाली शर्यत विभागाने घाई केली नाही. मोटोजीपीचा नाद सोडून त्याने रस्त्यावर विकायची चार सिलिंडरची आरएसव्ही फोर ही गाडी घडवली आणि २००९ पासून ती सुपरबाइक गटात पळवली. या गटात विक्रीतल्या गाडीवर आधारित गाडीच चालते, त्यामुळे कागदावरच्या कल्पना आधी कारखान्यात आणि दुकानात खऱ्या कराव्या लागतात. बियाजी परत आला आणि त्याने २०१० व २०१२ मध्ये जगज्जेतेपद मिळवले. २०१४ मध्ये सिल्व्हाँ गिंतोली याने तिसरे आणले. दरम्यान नियमांनी विभागाचा जुना आधार पुरता काढून घेतला. २०१० मध्ये २५० सीसी गटाच्या जागी आलेल्या मोटो टूमध्ये सर्वांना होंडाचेच इंजिन सक्तीचे झाले आणि २०१२ मध्ये १२५ सीसीच्या जागी फोर-स्ट्रोक मोटो थ्री आली. ज्या टू-स्ट्रोकवर नोआलेचा संसार उभा होता, तो प्रकारच ग्रां प्रीतून हद्दपार झाला.

मोटोजीपीचे दार पुन्हा किलकिले झाले तेही एका नियमामुळेच. २०१२ मध्ये गाड्यांची संख्या वाढावी म्हणून खाजगी चमूंसाठी सवलतीचा गट काढला गेला. त्यांना हंगामात १२ इंजिने आणि २४ लिटर पेट्रोल, तर मोठ्या कंपन्यांना ६ इंजिने आणि २१ लिटर. अट अशी की अशा चमूचे इंजिन ठरावीक किमतीला मागण्याचा हक्क प्रतिस्पर्धी कंपन्यांना राहील. एप्रिलियाने आरएसव्ही फोरवर बेतलेली गाडी या चमूंना पुरवली आणि आलेइश एस्पारगारो याने २०१२ व २०१३ अशी दोन्ही वर्षे या गटात पहिला क्रमांक राखला. ही खाजगी चमूची गाडी नसून कंपनीचीच गाडी वेष पालटून आली आहे, अशी कुरकुर तेव्हा झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती.

२०१५ मध्ये ग्रेसिनी चमूच्या साथीने कंपनी उघडपणे परतली. सुरुवात पुन्हा रडतखडतच झाली. मेलांद्री अर्ध्या हंगामातून बाहेर पडला. २०१६ मध्ये नियम पुन्हा बदलले. सर्वांना एकच संगणक आज्ञावली, आणि ब्रिजस्टोनऐवजी मिशेलिनचे टायर. त्याच वर्षी एप्रिलियाने निव्वळ शर्यतीसाठी नव्याने आखलेली आरएस-जीपी उतरवली, आणि पहिल्या शर्यतींत ती किमान वजनापेक्षा जड भरली. हलकेपणापायी फसलेला हा चमू या खेपेला वजनापायी अडला. पुढच्या वर्षांत चालक बदलत राहिले. २०१९ च्या अखेरीस आंद्रेया यान्नोने उत्तेजक चाचणीत अडकला आणि पुढे त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली.

या वेळी मागे न फिरता तग धरता आला याचे श्रेय पुन्हा एका नियमाला द्यावे लागते. मागे पडलेल्या कंपन्यांना जादा इंजिने, हंगामात इंजिन सुधारण्याची मोकळीक आणि अधिक सरावाची परवानगी देणारी सवलत मोटोजीपीत आली होती. पहिल्या तिघांत आलेल्या क्रमांकांना गुण मिळत आणि ते ठरावीक संख्येवर पोहोचले की सवलत जाई. क्यूबच्या काळी असे काही नव्हते. तेव्हा चुकलेली गाडी दुरुस्त करायची तर खिसा मोठा लागे. २०१९ मध्ये मास्सिमो रिव्होला हे फॉर्म्युला वनचा अनुभव असलेले व्यवस्थापक प्रमुख झाले, त्यामुळे तांत्रिक प्रमुख रोमानो आल्बेझियानो यांना फक्त गाडीकडे लक्ष देता आले. २०२० मध्ये सिलिंडरांमधला कोन ९० अंश करून इंजिन नव्याने बांधले गेले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी सिल्व्हरस्टोनला एस्पारगारो तिसरा आला, मोटोजीपी युगातले एप्रिलियाचे पहिले तिघांतले स्थान. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ग्रेसिनी चमूचे प्रमुख फाउस्तो ग्रेसिनी कोरोनाने गेले होते. ३ एप्रिल २०२२ रोजी अर्जेंटिनातील तेर्मास दे रिओ ओंदो येथे एस्पारगारोने पहिल्या स्थानावरून सुटून शर्यत जिंकली. क्यूब पहिल्यांदा धावली त्याला तेव्हा वीस वर्षे होत होती. सवलतही त्याच हंगामातल्या कामगिरीने संपली, आणि ती गेल्याचा आनंद मानावा अशी ती गोष्ट होती.

बारामतीत या काळात कारखान्याचे स्वरूप बदलत होते. एप्रिल २०१२ मध्ये वर्षाला दीड लाख स्कूटरांची क्षमता असलेला व्हेस्पाचा विभाग सुरू झाला. २०१६ मध्ये मोठ्या चाकांची एसआर १५० ही स्कूटर आली आणि एप्रिलियाचे नाव पहिल्यांदा इथल्या उत्पादनावर चढले. शर्यतीशी तिचे नाते रंगापुरतेच होते, पण इंजिनाला चपळाई होती आणि पुण्याच्या महाविद्यालयीन पोरांनी ती उचलून धरली.

खरी मोटरसायकल आली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. भारतातील पहिली मोटोजीपी दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर झाली, त्याच वेळी आरएस ४५७ लोकांसमोर आली. रचना नोआलेची, उत्पादन बारामतीचे. तिथली रविवारची मुख्य शर्यत मार्को बेझ्झेकीने आणि शनिवारची छोटी शर्यत होर्हे मार्टिनने जिंकली, दोघेही तेव्हा दुकाटीवर. २०२५ मध्ये हे दोघेच एप्रिलियाचे चालक झाले. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात या गाडीची किंमत जाहीर झाली, ४ लाख १० हजार रुपये.

४५७ सीसी हा आकडा विचित्र वाटतो, पण गाडीची आखणी नियमपुस्तक समोर ठेवूनच झाली आहे. युरोपात तरुण चालकांना मिळणाऱ्या मधल्या दर्जाच्या परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतची गाडी चालते, आणि ताकद दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटच्या वर जाता कामा नये. आरएस ४५७ ची ताकद ३५ किलोवॅट आणि पेट्रोलसह वजन १७५ किलो. ३५ ला १७५ ने भागले की बरोबर ०.२ येतात. नोआलेच्या माणसांनी नियमाची कड पुन्हा एकदा नेमकी पकडली. फरक एवढाच, की इथे दोन सिलिंडरचे साधे, स्प्रिंगच्या झडपांचे इंजिन आहे आणि ते नवशिक्यालाही आवरते. बारामतीतून ही गाडी युरोप आणि अमेरिकेला जाते. २०२५ च्या फेब्रुवारीत याच इंजिनावरची, वरचे कवच काढलेली ट्युओनो ४५७ बाजारात आली. तीही बारामतीतच तयार होते.